वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट: रामटेक ते नैना पीक, वापरानंतरचा अनुभव

हे बूट नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेतले, पावसाळ्याच्या तोंडावर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घोट्यापर्यंतचे असे बूट साधारण सारख्याच धाटणीचे असतात, आणि मला बोलायचंय ते सोलबद्दल.

नागपुरात तक्रारीला जागाच नव्हती. सेमिनरी हिल्सचा काळा दगड खरबरीत, भर पावसातही सोल पकडून ठेवतो. रामटेकला अंबाळा तलावाकडून गडावर चढताना घोट्याला आधार छान मिळाला. फक्त एप्रिल-मे विसरा. आतला पडदा घाम बाहेर सोडतो म्हणतात, पण आपल्या उन्हाळ्यात पाय अक्षरशः शिजतो. तेव्हा साधे जाळीचे बूटच बरे.

खरी परीक्षा झाली नैनितालला. तिथले डोंगर बरेचसे चुनखडी आणि डोलोमाइटचे. चुनखडी पावसाच्या किंचित आंबट पाण्यात हळूहळू विरघळते, भेगा रुंदावतात आणि पाणी आत मुरतं. गावाच्या वरच्या अंगाला असलेला सूखाताल पावसाळ्यात भरतो आणि जमिनीखालूनच नैनी तलावाला पाणी पुरवतो. दगडाची ही जात चालणाऱ्याच्या पायालाही कळते. वर्दळीच्या वाटेवर हजारो पावलांनी तो गुळगुळीत झालेला असतो, त्यात पहाटेचं दव. सेमिनरी हिल्सवर घट्ट रोवणारा सोल इथे सरळ घसरतो. रबर टणक आहे, म्हणून टिकतं. पण ओल्या गुळगुळीत दगडावर मऊ रबरच हवं. दुकानात हे कोणी सांगत नाही, सगळे नक्षीची खोली दाखवतात.

नैना पीक २,६१५ मीटर, म्हणजे तळ्यापासून जवळपास पावणेसातशे मीटरची चढाई. वाट बांज (हिमालयातला ओक) आणि देवदाराच्या सावलीतून जाते, हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून नंदादेवी, त्रिशूळ दिसतात. चढताना बूट उत्तम. उतरताना सुट्या खडीवर बांजाची वाळलेली पानं पसरलेली, ज्वारीच्या राशीवर पाय ठेवल्यासारखं होतं. तिथे सोलपेक्षा काठी कामाची. एक तरी जवळ ठेवाच. बोटांपुढे जागा भरपूर असल्याने नखं मात्र शाबूत राहिली, हे बुटाचं श्रेय.

नैनितालच्याच टिफिन टॉप या दुसऱ्या माथ्यावर जायचं असेल तर आधी वाट उघडी आहे का ते गावात विचारा. तिथली डोरोथी सीट ही दगडी बैठक ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळली. भेगाळलेल्या दगडाच्या कडेला फोटोसाठी उभं राहणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

बाकी हिशेब असा: पाणी अजून आत येत नाही. लेस बदलावी लागली. डाव्या टाचेकडचं पेस्टिंग सुटलं, दुकानदाराने हात वर केले, शेवटी चौकातल्या मोच्याने शिवून दिलं आणि ती शिवण मूळ कामापेक्षा मजबूत निघाली. विदर्भातल्या, सातपुड्यातल्या भटकंतीसाठी बिनधास्त घ्या. कुमाऊंच्या (नैनितालकडच्या) चुनखडीसाठी घेणार असाल तर दुकानात सोलवर नख दाबून बघा. जरा तरी दबलं पाहिजे.