शिवभोजन थाळी: दहा रुपयांत किती पोट भरतं?

26 जानेवारी 2020 ला सुरू झालेल्या या सरकारी थाळीत प्रत्येकी 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि 150 ग्रॅम भाताची मूद असं माप ठरवून दिलंय. ग्राहकाने द्यायचे दहा रुपये, वरचा फरक सरकार केंद्रचालकाला देतं. या पैशात बाहेर धड एक वडापावही येत नाही.

पण मेसच्या अनलिमिटेड चपात्यांची सवय असेल तर 30 ग्रॅमची चपाती म्हणजे जेमतेम फुलका. दोन घासांत संपते. म्हणून आधी चपाती-भाजी संपवा आणि वरण सगळं भातावर घ्या. चपाती वरणात बुडवत बसलात तर भात कोरडा उरतो. कमी पडतात ती प्रथिनं, कारण वरण पातळच असतं. खिशात मूठभर, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, भाजके शेंगदाणे ठेवले की सात-आठ ग्रॅमची भर पडते. सोबत गुळाचा खडा असला तर उत्तम!

केंद्राला रोजच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असतात. दीडचं लेक्चर आटोपून निवांत गेलात, तर रिकामं पातेलं बघायला मिळण्याचीच शक्यता जास्त.