नवरा इकडे आला आणि युनिव्हर्सल क्रेडिटचं काय होणार?

लेस्टरमधल्या आमच्या भागातल्या मोफत सल्ला केंद्राबद्दल लिहितेय. माझ्यासारख्या अडचणीत असाल तर नक्की जा.

मला इथे कायम राहायची परवानगी आहे, अर्धवेळ काम करते आणि युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारा ब्रिटिश सरकारचा भत्ता, घेते. मे 2025 मध्ये नवरा कोल्हापूरहून स्पाउस व्हिसावर आला. ओळखीतली एक म्हणाली, "तो सरकारी पैसे घेऊ शकत नाही ना, मग कळवायचं कशाला?" मला रात्रभर झोप लागली नाही.

केंद्रातल्या बाईंनी माझं युनिव्हर्सल क्रेडिटचं ऑनलाइन खातं उघडून स्क्रीनच माझ्याकडे वळवली. एका घरात राहायला लागलो की कळवायलाच हवं. त्याच्या व्हिसामुळे जोडप्याचा महिन्याचा दर (2025-26 मध्ये 628.10 पौंड) नाही, माझा एकटीचाच (तेव्हा 400.14) राहणार. पण त्याचा पगार आणि बचत मात्र धरणार! कोल्हापूरची नऊ लाखांची एफडीसुद्धा. तिचे साधारण 7,600 पौंड. 6,000 च्या वरच्या दर 250 पौंडांना, किंवा उरलेल्या अपुऱ्या भागालाही, 4.35 पौंड कापतात, म्हणजे महिन्याला 30.45 कमी. बाईंनी हा हिशेब पिवळ्या कागदावर मांडून दिला, तो अजून फ्रिजवर आहे. दोघांची बचत 16,000 च्या वर गेली तर काहीच मिळत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पाऊण तास थांबावं लागलं, बसायला खुर्च्या कमी. तरी पाच तारे. तिथेच बसून मी त्या खात्यातल्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, नवरा आल्याची नोंद केली.