आरबीआय रिटेल डायरेक्टवर घेतलेला सरकारी बाँड, अडीच वर्षांनंतर

आज 6 ऑगस्ट 2025, सकाळीच बँकेचा मेसेज आला, 1,815 रुपये जमा. हा पाचवा हप्ता. 50 हजाराचा 7.26 टक्केवाला सरकारी बाँड घेतलाय, म्हणजे सरकारला दिलेलं कर्ज, मुद्दल 2033 मधे परत, वर्षाला 3,630 व्याज, अर्धं 6 फेब्रुवारीला आणि अर्धं 6 ऑगस्टला. ऑफिसमधले दोघंतिघं सारखं विचारतात हे कुठून घेतलं, कसं घेतलं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधी मी बाँडकडे बघतच नव्हतो. सगळा पैसा इक्विटी फंडात म्हणजे शेअर बाजारात, एसआयपी (दर महिन्याचा हप्ता) चालू, अजून वय आहे मग बाँड कशाला असं डोक्यात पक्कं बसलेलं. मग मार्च 2020 आला. जानेवारीत 42 हजाराच्या वर गेलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजाराच्या खाली, त्या एका दिवसात 3,900 च्या वर पॉइंट गेले, आणि नेमकी त्याच आठवड्यात बाबांची बायपास निघाली. विमा पुरला नाही, वरचे अडीच लाख उभे करायचे होते, हाताशी दुसरं काहीच नव्हतं, विकले फंड. पुढच्या फेब्रुवारीत सेन्सेक्स 50 हजारावर होता. बाबा खडखडीत बरे झाले, त्याच्यापुढे पैशाचं काही नाही, पण तेव्हा कळलं की बाँड हवेत ते याच्यासाठी, पडत्या बाजारात चांगले युनिट विकायची पाळी येऊ नये म्हणून.

मग बँकेत विचारायला गेलो (नाव नको), मी म्हणतोय सरकारी बाँड आणि समोरचा माणूस अर्धा तास विमा-कम-गुंतवणूक पॉलिसीच समजावतोय. तिथून उठलो आणि घरी येऊन रिझर्व बँकेच्या रिटेल डायरेक्टवर स्वतःच खातं काढलं. ही सोय नोव्हेंबर 2021 पासून आहे. खातं उघडायला पैसे लागत नाहीत, चालू ठेवायलाही नाहीत, पेमेंट गेटवेचा काही चार्ज असला तर तेवढा आपला. बाँड घ्यायला कमीत कमी 10 हजार लागतात. पॅन, आधार, बँक खातं, नॉमिनी, एवढंच. फक्त पॅनवर आणि आधारवर नाव सारखं आहे ना ते आधी बघा, माझ्या आधारवर वडलांचं नाव मधे होतं आणि पॅनवर नव्हतं, ते दुरुस्त करण्यातच पंधरा दिवस गेले.

नवे बाँड लिलावात विकतात आणि लिलावाचे वार ठरलेले असतात, ट्रेझरी बिल (सरकारचं वर्षाच्या आतलं कर्ज) बुधवारी, केंद्राचे बाँड शुक्रवारी, राज्यांचे मंगळवारी. आपण फक्त रक्कम टाकायची, भाव मोठ्या बँका लावतात आणि त्यावरून जो दर निघेल तोच आपल्याला मिळतो, ही गोष्ट मला फार आवडली, 50 हजारवाल्याला वेगळा भाव नाही. माझा बाँड नवाच निघत होता, 3 फेब्रुवारी 2023 च्या शुक्रवारी लिलाव झाला तेव्हा 7.26 दर ठरला आणि सोमवारी बाँड खात्यात दिसला. 2033 च मुद्दाम निवडलं, त्या वर्षी मुलीची बारावी होईल, मुद्दल बरोब्बर तेव्हा हातात येणार.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर घाबराल. व्याज ठरलेलं असलं तरी बाँडचा भाव रोज हलतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मधे रिझर्व बँकेने रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 वरून 6.50 टक्क्यांवर नेला तेव्हा जुने बाँड पडले, कारण नवा जास्त व्याजाचा मिळत असताना जुना कमीवाला कोण पूर्ण भावाने घेणार. 2025 मधे फेब्रुवारी ते जून रेपो 5.50 पर्यंत खाली आला तसा माझ्या बाँडचा भाव 100 च्या, म्हणजे मूळ किमतीच्या वर गेला. मला दोन्हीचं सोयरसुतक नाही, मुदतीपर्यंत ठेवणार आहे. पण मधेच विकायचा असेल तर विचार करून घ्या. रिटेल डायरेक्टवरचा सेकंडरी बाजार (जिथे आधी घेतलेले बाँड विकतात) मुळात बँकांचा, 5 कोटीचा एक लॉट धरतात, आपली रक्कम लहान, गिऱ्हाईक त्याच दिवशी त्याच भावाला मिळेल असं धरून चालू नका. अडीनडीचा पैसा एफडीत किंवा ट्रेझरी बिलात, बाँडमधे तारीख माहीत असलेला पैसा, असं मी वाटून टाकलंय.

टॅक्सचं म्हणाल तर व्याजावर टीडीएस कापत नाहीत पण ते स्लॅबप्रमाणे उत्पन्नात धरावं लागतं, रिटर्नमधे स्वतः आठवणीने दाखवा. आणि व्याज हातात येतं, आपोआप मुद्दलात जमा होत नाही, म्हणून मी ते आलं की लगेच इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणारा फंड) टाकतो, नाहीतर किराण्यात जातं.

आईसाठी त्याच साइटवरून फ्लोटिंग रेट म्हणजे बदलत्या व्याजाचा सेव्हिंग्ज बाँड घेतला, एनएससीच्या (पोस्टाच्या बचत प्रमाणपत्राच्या) दरावर 0.35 जास्त, म्हणजे 2025 मधे 8.05 टक्के. मुदत 7 वर्षं, पण आई 72 ची असल्यामुळे 5 वर्षांनी काढता येतो. तो मात्र विकता येत नाही आणि त्यावर टीडीएस लागू आहे. 1 जानेवारी आणि 1 जुलैला लाखाला 4,025, तिने कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल केलेत, औषधांचा खर्च त्यातूनच करते, माझ्याकडे मागत नाही.

माझं आता साधारण 70 टक्के इक्विटी, 30 टक्के बाँड झालंय. सगळंच बाँडमधे घालू नका, वीस वर्षांत महागाई ते खाऊन टाकेल. दिवाळीनंतर अजून 20 हजार टाकणार आहे, या वेळी मंगळवारच्या लिलावात महाराष्ट्राचे, त्यांना केंद्रापेक्षा थोडा जास्त दर मिळतो.