सॅल्किंडचं पुस्तक वर्षभर वर्गात वापरल्यावर

एमए मानसशास्त्राला संख्याशास्त्रासाठी यंदा गॅरेटचं जुनं पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून नील सॅल्किंडचं 'हेट स्टॅटिस्टिक्स'वालं पुस्तक ('स्टॅटिस्टिक्स फॉर पीपल हू (थिंक दे) हेट स्टॅटिस्टिक्स') लावलं. संख्याशास्त्राला घाबरणाऱ्यांसाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक, एवढी ओळख पुरे. आमची बरीचशी मुलं दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून कला शाखेत आलेली, आणि आता प्रबंधापायी टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासायची चाचणी) गळ्यात पडलेली.

आधी त्या स्मायलींबद्दल. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर काठिण्यपातळी दाखवायला हसरे चेहरे छापलेत. चेहरे जास्त, तितकं प्रकरण सोपं! मेनूकार्डावर मिरच्या मोजायची सवय असलेली आमची मुलं ते नेमकं उलटं वाचतात. उलगडून सांगितलं तर आणखी पंचाईत. चेहरे कमी दिसले की पहिली ओळ वाचायच्या आधीच प्रश्न, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" आधीच घाबरलेल्याला 'पुढे खड्डा आहे' असं कशाला सांगायचं? चिडून मी माझ्या प्रतीतल्या चेहऱ्यांवर कागद चिकटवले.

दिवाळीनंतर मात्र वर्गात वाद सुरू झाले. "याला एक चेहरा जास्त चालला असता," वगैरे. म्हणजे प्रकरण वाचलं होतं! कागद काढले. चेहरे तरीही उलटेच आहेत, हे माझं म्हणणं कायम.

खरी खोट 'एन वजा एक'पाशी आहे, म्हणजे नमुन्यातले आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते (प्रमाण विचलन) काढताना आकड्यांच्या संख्येऐवजी तिच्यातून एक वजा करून भागतात, तिथे. सावधगिरी म्हणून एक वजा करायचा, एवढ्यावर पुस्तक भागवतं. अहो, सरासरी त्याच नमुन्यातून काढलेली. तिच्यापासूनच्या फरकांची बेरीज शून्यच येणार, म्हणून शेवटचा फरक आपोआप ठरतो, मोकळे उरतात ते एन वजा एकच. पाच आकडे फळ्यावर मांडले की हे दिसतं.

गृहीतक तपासायच्या चाचणीच्या पुस्तकातल्या आठ पायऱ्यांना मात्र तोड नाही. गृहीतक मांडण्यापासून निष्कर्षापर्यंत मुलं तोंडी परीक्षेत बोटांवर मोजत उत्तरं देतात.

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची पानं मी सरळ ओलांडते. विकतचं सॉफ्टवेअर मुलांनी घरी कुठून आणायचं? जामोवी हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि नवारो-फॉक्सक्रॉफ्ट यांचं त्यावरचं पुस्तकही फुकट. पुढच्या वर्षी रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची पद्धत) त्यातूनच.

सॅल्किंडची नवी आवृत्ती घेऊ नका. पुण्यात पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, जुनी मिळाली तर घ्या, फक्त चाचण्यांसाठी लागणारी मागची कोष्टकं कुणी फाडून नेलेली नाहीत ना, ते बघून.