रंगीत पेन्सिलींसाठी शार्पनर: काही महिने वापरल्यावर

टेबलावर सध्या दोन शार्पनर आहेत. एक हँडल फिरवायचं मशीन, टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेलं. दुसरा पितळी, एका भोकाचा, मुठीत सहज मावणारा. वाटणी आता पक्की झाली आहे: रोजचं काम पितळी करतो आणि मशीनवर ठरावीक पेन्सिलीच जातात. दोन्ही चांगले आहेत, दोन्ही ठेवणार आहे. पण एकच घ्यायचा असेल तर पितळी घ्या, आणि त्याच वेळी सुट्या पात्यांचं पाकीटही घ्या. माझ्या मते पाकीट जास्त महत्त्वाचं.

साध्या शिसपेन्सिलीला कुठलाही शार्पनर चालतो, कारण तिच्यातलं ग्राफाइट आणि मातीचं मिश्रण भट्टीत भाजून टणक केलेलं असतं. रंगीत पेन्सिलीचं लीड असं भाजत नाहीत. रंगद्रव्य आणि भुकटी मेणात किंवा तेल-मेणाच्या मिश्रणात बांधलेली असते, एवढाच त्याचा जोर. त्यामुळे जे पातं एचबी पेन्सिलीला छान टोक काढतं, तेच पातं थोडं बोथट झालं की रंगीत पेन्सिलीचं टोक मोडून आतच अडकवतं. मग आपण पेन्सिलीच्या कंपनीला शिव्या घालतो. माझ्या अनुभवात बऱ्याचदा दोष पात्याचा असतो.

पात्याची धार उतरलीय हे टोक मोडण्याच्या आधीच कळतं, फक्त सालीकडे बघायची सवय लागली पाहिजे. नव्या पात्यातून साल एकसलग निघते, पंख्यासारखी उलगडत, आणि तिच्या कडेला रंगाची बारीक किनार असते. पातं थकायला लागलं की सालीचे तुकडे पडतात. पुढे पुढे साल राहतच नाही, नुसता भुसा पडतो. टोकाजवळच्या लाकडावर हात फिरवला तर तुसं लागतात, लीडवर आडवे ओरखडे दिसतात, आणि फिरवताना हाताला कुरकुर जाणवते. अशा वेळी आपण नकळत जोर वाढवतो. तो जोर लाकूड कापण्यात जात नाही, लीड पिळण्यात जातो. मऊ लीड पिळलं की संपलंच.

रंगीत पेन्सिली पातं लवकर खातात, हेही लक्षात ठेवा. रंगात खनिज रंगद्रव्यं आणि भराव असतो, तो पात्याला घासतो, आणि वरून मेणाचा थर धारेवर बसतो. पेन्सिलीचं लाकूडही बघायला हवं. इन्सेन्स सिडारसारखं मऊ, सरळ रेषांचं लाकूड पातं अगदी सुरेख कापतं. स्वस्त पेन्सिलींच्या कडक, गाठाळ लाकडावर नवं पातंही अडखळतं.

म्हणून शार्पनर हातात घेतला की मी आधी स्क्रू बघते. पातं स्क्रूने बसवलेलं आहे का, आणि त्याच मापाची सुटी पाती मिळतात का? पेन्सिलींच्या डब्यात फुकट येणारे प्लास्टिकचे शार्पनर दिसायला गोड असतात, पण त्यांची पाती बदलायची कुणी सोयच केलेली नसते. पितळी शार्पनरसाठी जर्मनीतल्या एर्लांगेनची मोबियस अँड रुपर्ट ही 1922 पासूनची कंपनी प्रसिद्ध आहे. त्याच शहरातली कुम 1919 ची, तिचे मॅग्नेशियमचे हलके शार्पनर जगभर चालतात. पितळेचा फायदा वजनाचा: हातात डगमगत नाही. पितळ गंजत नाही, पण पातं पोलादी असतं आणि ते गंजतं, हे मात्र विसरू नये.

पातं बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. छोटा स्क्रूड्रायव्हर लागतो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण उतरती कड वर की खाली, हे नंतर हमखास आठवत नाही. उलटं बसवलेलं पातं कापतच नाही. स्क्रू घट्ट करा, पण झटापट नको, पितळेतले आटे मऊ असतात. पातं सपाट बसलंय ना, मागे मेणाचा कण तर अडकला नाही ना, एवढं बघा. कणभर फरकानेसुद्धा साल जाड निघते.

कोन हा दुसरा मुद्दा. बहुतेक साध्या शार्पनरचा कोन 22 ते 24 अंशांच्या आसपास असतो. लांब टोकाच्या शार्पनरचा त्याहून कमी, त्यामुळे लीड जास्त उघडं पडतं. फाबर-कास्टेल पॉलिक्रोमोस या रंगीत पेन्सिलीचं 3.8 मिमीचं तेल-आधारित लीड तसं कणखर असतं, त्याला लांब टोक शोभतं आणि टिकतंही. प्रिझ्माकलर प्रीमियरसारख्या मेणाच्या मऊ पेन्सिलीला मात्र आखूड टोकच द्या. लांब, सुईसारखं टोक काढून कागदावर जरा दाब दिला की ते गेलंच. दोन भोकांचे लांब टोकवाले शार्पनरही येतात, एका भोकात फक्त लाकूड कापलं जातं आणि दुसऱ्यात लीडला टोक येतं. ते ग्राफाइटला झकास. मऊ रंगांना मी ते लावत नाही.

भोकाचं मापही बघा. काही आर्टिस्ट पेन्सिली 8 मिमीच्या आसपास जाड असतात, त्या अरुंद भोकात रेटून घालाव्या लागतात. उलट बारीक पेन्सिल सैल भोकात हलते आणि टोक एका बाजूला कलतं.

माझी पद्धत अशी: पेन्सिल स्थिर धरायची आणि शार्पनर फिरवायचा. घाई नाही, मधे थांबत. टोक पूर्ण तयार व्हायच्या जरा आधीच थांबायचं. उरलेली अणी सँडपेपरच्या पट्टीवर पेन्सिल तिरकी धरून, गोल फिरवत काढायची. यात पेन्सिल कितीतरी कमी झिजते. महागड्या पेन्सिली साली होऊन कचऱ्यात जाताना बघवत नाहीत. सँडपेपरवर पडलेली रंगाची भुकटी मी डबीत ठेवते, पार्श्वभूमीला कापसाने चोळायला उपयोगी पडते.

आता मशीनबद्दल. आतला कटर गोल, पिळाच्या दातांचा असतो. पेन्सिल चिमट्यात धरली जाते, स्प्रिंग तिला आत ओढते आणि टोक झालं की हँडल एकदम हलकं फिरायला लागतं. हा क्षण मला अजूनही आवडतो. पूर्ण डबा एका बैठकीत तयार करायचा असेल तर याला तोड नाही, टोकही प्रत्येक वेळी सारखं येतं. पण स्प्रिंगचा जोर आपल्या हातात नसतो, त्यामुळे फार मऊ लीड आत मोडतं. मोडलेला तुकडा कटरमधे अडकला की पुढची प्रत्येक पेन्सिल त्यावर आपटते. चिमट्याचे दात पेन्सिलीच्या रंगावर खुणा सोडतात, माझ्या पेन्सिलींच्या अंगावर त्या कायमच्या उमटल्या आहेत. मास्किंग टेप गुंडाळून बघितली, खुणा कमी होतात पण पेन्सिल कधी कधी घसरते. आणि आखूड झालेली पेन्सिल चिमट्यात पकडलीच जात नाही. तिथे परत पितळीच.

विजेवरच्या शार्पनरबद्दल एवढंच सांगेन की मेणाच्या पेन्सिलींना मी तो देणार नाही. वेगाने फिरणाऱ्या कटरच्या घर्षणाने मेण मऊ होऊन दातांत बसतं, आणि थांबायला क्षणभर उशीर झाला तरी पेन्सिल पेरभर कमी झालेली असते.

साफसफाई सोपी आहे, पण करावी लागते. पितळीतला भुसा झटकायचा, जुन्या टूथब्रशने पात्याची कड पुसायची. मेण चिकटलं असेल तर कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट. पाणी नको. मॅग्नेशियमचा शार्पनर तर ओला अजिबात ठेवू नका: मॅग्नेशियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून असताना ओल लागली, त्यात खारट, की मॅग्नेशियम झिजायला लागतं. मिठाच्या पाण्यात टाकलं तर हायड्रोजनचे बुडबुडेसुद्धा दिसतात. मशीनचा कटर बाहेर काढून ब्रशने घासते, आणि अधूनमधून त्यात एक साधी शिसपेन्सिल फिरवते. कोरडं ग्राफाइट दातांतलं मेण बऱ्यापैकी ओढून आणतं. मात्र त्यानंतर पिवळी किंवा पांढरी पेन्सिल लगेच घालू नका, टोकाला करडी छटा येते. आधी एखादी गडद तपकिरी फिरवून घ्यावी. पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिली ओल्या असताना शार्पनरमधे घालायच्याच नाहीत, लाकूड फुगलेलं असतं आणि लीड चिखल झालेलं.

काही पेन्सिलींपुढे कुठलाच शार्पनर चालत नाही. मागच्या टोकाकडून बघा. लीड मधोमध नसेल, तर टोक काढताना एका बाजूला लाकूड अगदी अणीपर्यंत चढतं आणि दुसरीकडे लीड उघडं पडून मोडतं. जमिनीवर पडलेल्या पेन्सिलीचं लीड आतून जागोजाग तडकलेलं असतं, मग कितीही नवं पातं लावा, तुकडे बाहेर येतच राहतात. अशी पेन्सिल मी शार्पनरला लावत नाही. कागद कापायच्या कटरने लाकूड सोलून तुकडे वेगळे काढते, आणि भुकटीच्या त्याच डबीत टाकते.