८५ वर्षांवरच्यांसाठी घरून टपाली मतदान : आमचा अनुभव

गुण : पाचपैकी चार

आईला जिना उतरवत नाही, म्हणून २०२४ च्या विधानसभेला तिचं मत घरीच घेतलं. सेवा उत्तम. एक गुण कापलाय तो अर्जाच्या मुदतीसाठी. ८५ वर्षांवरच्या किंवा ४० टक्क्यांहून कमी नसलेलं दिव्यांगत्व असलेल्या मतदाराने निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत नमुना १२-ड भरून द्यायचा असतो. आमच्या हातात फॉर्म आला तेव्हा त्यातले बरेचसे दिवस सरले होते. घरात धावपळ करणारं कुणी नसेल तर म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? शिवाय एकदा हा पर्याय मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे फॉर्म देतानाच ठळकपणे सांगायला हवं.

पथक सांगितल्यापेक्षा बरंच उशिरा आलं, पण काम बघून मी ते विसरले. मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा मुलगा. शूटिंग चालू होतं, तरी पलंगावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून आईला एकटीला मत देऊ दिलं. आम्हा सगळ्यांना दाराबाहेर काढलं, आणि ते अगदी योग्य होतं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. आईने मतपत्रिका १३-ब च्या लहान पाकिटात घालून चिकटवली. १३-अ या प्रतिज्ञापत्रावर तिचा अंगठा घेतला, तिथेच अधिकाऱ्याने साक्षांकन केलं. मग चष्मा सारखा करून त्या अधिकारी बाईंनी मतपत्रिकेचा क्रमांक प्रतिज्ञापत्रावर आणि लहान पाकिटावर सारखाच आहे ना, हे बोट ठेवून पुन्हा वाचलं. त्यानंतरच दोन्ही १३-क च्या मोठ्या पाकिटात गेलं.

हा आग्रह उगाच नाही. मोजणीत मोठं पाकीट उघडल्यावर आधी प्रतिज्ञापत्र बघतात. ते नसेल, सही-साक्षांकन राहिलं असेल किंवा क्रमांक जुळत नसेल, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. मत कुणाला दिलंय हा प्रश्नच येत नाही, ते बाद! पाकीट उघडल्यावरही दोन उमेदवारांपुढे खूण दिसली किंवा मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं असलं, तरी मत जातं. मोजणी सुरू व्हायच्या ठरलेल्या वेळेनंतर पोचलेली पाकिटं तर बाजूलाच ठेवतात.

एक नियम मला फार दिलासा देतो. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी ती सगळी बाद मतं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने पुन्हा तपासायची असतात. म्हणजे अंथरुणावरून दिलेलं मत घाईघाईत फेकलं जात नाही.

अर्ज करणार असाल तर बीएलओचा, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा. आणि पथकाने कळवलेल्या दिवशी दवाखान्याची वेळ घेऊ नका. मतदार घरी भेटला नाही तर ते आणखी एकदाच येतात.