इफ्फीचा डेलिगेट पास: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, डेलिगेट किटमधली पिशवी अजून शाबूत आहे. आठ महिने झाले, रोज भाजीला तीच नेतो. गेल्या आठवड्यात इथं बेळगावात, टिळकवाडीत एका मुलानं पिशवी बघून विचारलं, "काका, इफ्फीला जाऊन आलाय काय?" मेथीची जुडी हातात धरून मी त्याला दहा मिनिटं एका सिनेमाची गोष्ट सांगितली. बर्फात अडकलेली बस, कंडक्टर एकेकाला तिकिटाचे पैसे परत देतोय, वगैरे. मुलगा बिचारा ऐकत होता. घरी येताना जिन्यात लक्षात आलं, हा सिनेमा मी बघितलेलाच नाही.

म्हणून म्हटलं, आता लिहावं. परत आल्याआल्या लिहिलं असतं तर पानभर लॉजला शिव्या आल्या असत्या.

आम्ही चौघं. कॉलेजात असताना तास चुकवून ग्लोब, चित्रा टॉकीजला जाणारे. आता एकाचं चष्म्याचं दुकान आहे, त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. दुसरा मास्तर, घरी कानडी, शाळेत कानडी, आमच्यात मराठी. तिसरा वडगावचा, घरचे माग आहेत, साड्या विणतो. चौथा मी. बेळगावहून पणजी चोर्ला घाटातून जेमतेम तीन-साडेतीन तासांवर, आणि महोत्सव गोव्यात २००४ पासून भरतोय. तरी आम्हाला जायला वीस वर्षं लागली. दरवर्षी कुणाची तरी मुलगी दहावीला असायची.

२०२४ चा पंचावन्नावा होता, २० ते २८ नोव्हेंबर. आम्ही शुक्रवार २२ ते सोमवार २५ असे गेलो. नोंदणी जीएसटी धरून माणशी ११८० रुपये, विद्यार्थ्यांना फुकट. पेट्रोल गोव्यातल्या साखळी गावात भरलं, तिथं स्वस्त. लॉज, खाणंपिणं सगळं धरून प्रत्येकी साडेसहा हजारांत बसलं. त्यातले हजारभर माशांवर गेले, ते महोत्सवाच्या खात्यावर घालू नका.

पहिल्या दिवशी आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका. चौघांनी एकत्र, शेजारीशेजारी बसून बघायचं असं ठरवलं होतं. ऑनलाइन बुकिंगला चौघं चार फोन घेऊन बसलो. दोघांना तिकीट मिळायचं, दोघांना नाही. मग ज्यांना मिळालं ते, "तुम्ही नाही तर आम्ही पण नाही," असं म्हणून रद्द करायचे. ही मैत्री बाहेरून बघायला छान, पण दुपारी दोनपर्यंत आम्ही एकही सिनेमा बघितला नव्हता. शेवटी चार तिकिटं एकत्र मिळाली. मास्तरानं विजयी मुद्रेनं जाहीर केलं. आम्ही जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात आरामात चहा पीत बसलो, आयनॉक्स थिएटर काय, मागंच. वीस मिनिटं उरली असताना डॉक्टरनं तिकीट नीट वाचलं. शो पर्वरीला. मांडवीच्या पलीकडं. पुलावर गाड्या तुंबलेल्या, मास्तर गाडीत मान खाली घालून. पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं.

त्या रात्री लॉजवर भांडण झालं. (लॉजचं नाव लिहीत नाही. गिझर होता, पाणी गरम होत नव्हतं, विचारलं तर म्हणे, "होतं ते, थोडं उशिरा." सोमवारपर्यंत झालं नाही.) भांडणातून एक नियम निघाला, तो मात्र सोन्याचा. दिवसभर ज्यानं त्यानं आपापलं बघायचं, कुणी कुणासाठी थांबायचं नाही, तिकीट नसेल तर रश लाइनला, म्हणजे उरलेल्या खुर्च्यांसाठीच्या रांगेत, उभं राहायचं. रात्री जेवताना प्रत्येकानं आपला एक सिनेमा सांगायचा. पूर्ण. शेवटासकट.

एकट्याला रश लाइनमधून आत जायला मिळतं, चौघांना मिळत नाही, हा साधा हिशेब. पण खरा फायदा वेगळाच झाला.

वडगावच्या दोस्ताला इंग्रजी वाचता येतं, पण सबटायटल पळतात त्या वेगानं नाही. आम्हाला त्याची काळजी वाटत होती. तो म्हणाला, "पाट्या वाचत बसलो तर माणूस बघायचा राहतो की." आमच्यापेक्षा जास्त त्यानंच बघितलं. एका सिनेमाला योगायोगानं मी त्याच्या मागच्या रांगेत होतो. नायिका कापडाच्या कारखान्यात कामाला. ती दुसरीकडं बघत बोलतेय, मागं माग चालू. एकदम हा मोठ्यानं, "धागा तुटलाय की!" पुढची बाई वळून बघायला लागली. दहा-बारा सेकंदांनी पडद्यावर नायिका दचकली आणि माग बंद केला. ती काय बोलत होती ते मी सगळं वाचलं होतं, आज एक शब्द आठवत नाही. तो तुटलेला धागा आठवतो, आणि तोही मी बघितला नव्हता.

राज कपूर, रफी, तपन सिन्हा आणि अक्किनेनी नागेश्वर राव यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. जुनी प्रिंट साफसूफ करून 'आवारा' दाखवला. वडगावचाच तेवढा गेला. बाहेर येऊन म्हणतो, "आमच्या टीव्हीवर सगळ्या पिक्चरभर पाऊस पडायचा. मला वाटायचं, गोष्टच पावसाळ्यातली आहे."

आता आमचा करंटेपणा. सुवर्णमयूर, म्हणजे महोत्सवाचा सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळाला 'टॉक्सिक' या लिथुआनियाच्या सिनेमाला. त्याच्या रांगेतून डॉक्टर भूक लागली म्हणून बाहेर पडला होता. पदार्पणातल्या भारतीय दिग्दर्शकाचा पुरस्कार नवज्योत बांदिवडेकरांना, 'घरत गणपती'साठी. "गोव्यापर्यंत जाऊन मराठीच काय बघायचं," असं म्हणणारा मी. बेळगावात राहून मराठीसाठी एवढं बोलणारा माणूस, मला हे दोन दिवस कुणी विसरू दिलं नाही. अजून देत नाहीत.

तर बर्फातली बस. ती मास्तराची. परतताना केरी सोडून घाट लागला तेव्हा त्यानं सुरू केली. कंडक्टर बोलला की मास्तर कानडीत बोलायचा, प्रवासी मराठीत. कणकुंबीला चहाला थांबलो तोवर बस बर्फात रुतली होती. टपरीवर एक म्हातारी होती. चार चहा सांगितले, एक कप तसाच राहिला. तिनं तिघांचेच पैसे घेतले, उरलेलं नाणं मास्तराच्या हातात परत कोंबलं. जांबोटीपर्यंत गोष्ट संपली. गाडीत कुणी बोललं नाही. शेवटी एक म्हातारी कंडक्टरनं दिलेलं नाणं घेत नाही, त्याचीच मूठ धरून मिटते. मेथीच्या जुडीसकट मी त्या मुलाला सांगितलं ते हेच.

त्या प्रसंगानंतर मला राहवेना. डॉक्टरच्या भाच्यानं सिनेमा शोधून दिला. गेल्या रविवारी दुकानाच्या माळ्यावर चौघांनी बसून बघितला, शेजारीशेजारी, तिकीट रद्द न करता. बस आहे. बर्फ आहे. कंडक्टर पैसे परत देतो, तेही आहे. म्हातारी नाही.

आम्ही मास्तराकडं बघितलं.

"होती की रे," मास्तर म्हणाला. "पणजीत दाखवला त्यात होती. हे कापलेलं आहे."

वडगावचा हळूच म्हणाला, "ती कणकुंबीची."

मास्तर अजून मानायला तयार नाही. २०२५ चा महोत्सवही २० ते २८ नोव्हेंबरच. डॉक्टरचं म्हणणं, तिघांचे पास काढायची गरजच नाही, मास्तराला एकट्याला पाठवू आणि कणकुंबीला घ्यायला जाऊ. मला पटलेलं नाही. मला 'घरत गणपती'ची भरपाई करायची आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा गिझरचा कापला.